फलकावरचा लाल ठिपका

विद्यापीठाचे अधिकृत म्हणणे असे, की परिसरात वाट चुकणे अशक्य आहे, कारण फाटकातच नकाशाचा भव्य फलक आहे. त्यामुळे पीएच.डी.च्या मुलाखतीला तासभर उशिरा पोचलेली अहेरीची वनिता कुसराम निष्काळजी ठरली आणि तिचा अर्ज बाद झाला.

विभागप्रमुख या नात्याने मला कुतूहल वाटले. बस जिथे उतरवते, त्या फाटकातल्या फलकापासून मी वनितासह निघाले. ‘आपण येथे आहात’ सांगणारा लाल ठिपका, तिथून सरळ, मग डावीकडे भाषाविभाग. नकाशा आम्ही निष्ठेने पाळला आणि कुलगुरूंच्या बंगल्यामागच्या कुंपणाशी पोचलो.

"परवा पण इथंच आली होती मी, मॅडम," वनिता म्हणाली. "आता तर कुत्राही भुंकत नाही माझ्यावर."

परतल्यावर मी फलकाचे पाय पाहिले. भोवतीचे सिमेंट नवे होते. ठिपका मुख्य फाटकावर होता. फलक मात्र उभा होता अतिथिगृहाच्या फाटकात.

अर्जाच्या फेरविचाराच्या बैठकीत मी उपकुलसचिवांना इतकेच विचारले, की फलक स्वतः चालत आला काय. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. उत्तर शब्दशः देते:

"मीच हलवला. मूल्यांकन समिती अतिथिगृहात उतरणार होती, तिच्या नजरेला पडायला हवा होता. मुलांचं काय मॅडम, मुलं विचारत विचारत पोचतातच."