परातीतला घास
आम्हा दोघी जावांची साखर वाढलेली पाहून डॉक्टरांनी इन्शुलिनची तंबी दिली, तेव्हा धाकटी मुनिरा म्हणाली, “ताई, वजन आपण मिळून उतरवू.” रोज पहाटे कालव्याकाठी चालायचं, नान अर्धाच खायचा आणि रविवारी आमच्या उझबेकी गावच्या, मार्गिलानच्या बाजारात खरबूजवाल्याच्या काट्यावर उभं राहायचं. आजच्या रविवारी काट्याने दाखवलं: तिचे एकूण आठ किलो उतरले, माझा एक. “मोठ्या ताईंचं खरबूज अजून वेलीवरच आहे,” खरबूजवाला हसला. दुपारी पुलावाच्या एकाच परातीभोवती सगळे बसलो. लाडक्या माणसाकडे चांगला घास सरकवायची आमच्याकडे रीत. नाकारता येत नाही. मी पुलावातले सगळ्यांत मानाचे, मेंढीच्या शेपटीच्या चरबीचे तीन तुकडे मुनिराकडे सरकवले. “बघा, जावांचं प्रेम,” सासूबाई खुलल्या. मुनिराने माझ्याकडे पाहिलं, तिन्ही खाल्ले आणि हळूच म्हणाली, “उद्या तीन फेऱ्या जास्त मारू, ताई. दोघीही.” तेव्हाइतका तिचा हेवा मला कधीच वाटला नव्हता.