मेल अडकली असेल

भांडणानंतर दादाला मेल टाकली, ‘घरी येऊ का?’ उत्तरच नाही. म्हटलं, स्पॅम अडवायला ऑफिसच्या मेल सर्व्हरवर मीच कडक नियम लावलेत, त्यातच त्याची मेल अडकली असेल. सगळे नियम काढून टाकले.

तासाभरात अकाउंट्सच्या ताई माझ्या टेबलाशी. “काय रे, सकाळी सकाळी मला तीन लॉटऱ्या लागल्या, एका राजपुत्राने लग्नाची मागणीही घातली. दार सताड उघडं टाकून बसलायस का?”

“आजचा दिवस राहू द्या ना, ताई. एक महत्त्वाची मेल अडकलीये.”

“कोणाची?”

मी इनबॉक्स पुन्हा एकदा उघडून बघितला. सर्व्हरने अडवलेल्या सगळ्या मेल मी नियम काढायच्या आधीच तपासल्या होत्या. त्यात दादाची एकही नव्हती.