कर्नलला दिसलेली चकती

"अहो मॅडम, चहा घेणार का?" वामनरावांनी त्याही सकाळी अदबीने विचारलं. आजारपणापासून ते आपल्या लेकीला, मुक्ताला, पाहुणी समजत होते.

त्यांच्या जुन्या आठवणी साठवलेली चकती, म्हणजे संगणकाची डिस्क, मेंदू चालू असतानाच कानामागे जोडली होती. तिचा कारभार बघणाऱ्या कर्नलला, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमला, ती दिसत होती, तरी त्यांना काहीच आठवत नव्हतं. ते कर्नल मुक्तानेच लिहिलं होतं. रोजच्यासारखा लॅपटॉप उघडला आणि तिला चूक सापडली: कर्नल चकती जोडून घेत होतं, पण वापरायला खुली करत नव्हतं. तिने कोडमध्ये ती खुली करणारी एक ओळ घातली.

वामनराव तिच्याकडे बघत राहिले. "अगं मुक्ते, केवढी वाळलीस! आणि केस कुठे गेले?"

ती धावत गॅलरीत गेली आणि सहकाऱ्याला फोन लावला. "देवदत्त, 'अगं' म्हणाले ते. मला 'अगं' म्हणाले." मग दिवसभर ती ज्याला त्याला तेच सांगत राहिली.

पहाटे झोपेतच वामनरावांचं हृदय थांबलं. चकती मात्र स्वतःच्या बॅटरीवर अजून चालू होती, कानावर पडेल ते साठवत होती. मुक्ता त्यांच्या कानाशी वाकली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही मला फार आवडता."