नायिकेचा आवाज

"त्या कोवळ्या नायिकेचे प्रेमाचे संवाद तू अजून किती दिवस बोलणार गं आई? लोक तोंडावर हसतात माझ्या!" मुलाची कुरकुर स्टुडिओच्या दारापर्यंत चालूच होती.

मोबाइलवर गाजणाऱ्या त्या मारवाडी मालिकेतल्या नायक-नायिकेचं काम करणाऱ्यांना मारवाडीचा गंधही नव्हता, म्हणून नायिकेचा आवाज आईचा आणि नायकाचा आवाज निवृत्त पोस्टमास्तरांचा. वर्षभर दोघं कपाटाएवढ्या खोलीत एकाच माइकसमोर खांद्याला खांदा लावून रुसत होते, एकमेकांची समजूत काढत होते. वडील जाऊन नऊ वर्षं झालेल्या घरात आई पुन्हा गुणगुणायला लागली होती. सगळ्यांना सगळं कळत होतं, पण 'मालिका फारच लांबली' याच्या पुढे कुणी बोलत नव्हतं.

आज शेवटचा भाग होता, आणि त्यात नायिका घरच्यांपुढे मान तुकवणार होती. "बापूजी, तुम्ही म्हणाल तसंच," हे वाक्य आईनं असं काही म्हटलं, की काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मुलाचा मात्र जीव भांड्यात पडला. दोघं बाहेर येताच त्यानं आईची पिशवी उचलली. "संपलं एकदाचं! चल आता घरी."

आई जागची हलली नाही. तिनं पोस्टमास्तरांचा हात हातात घेतला.

 

"ती वीस वर्षांची आहे रे, तिला घरच्यांचं ऐकावं लागलं. मी छप्पन्नची आहे, मी यांच्याशी लग्न करणार."