उजवी बाजू

धप्प असा आवाज झाला आणि तिला चूक कळली. घाईघाईत तिने गाण्यांच्या सेटचा पुढचा ट्यूबचा डबा आधी बंद केला होता. मागचा ट्रान्झिस्टरचा अजून चालूच होता.

नियम काही अवघड नव्हता. नवऱ्याने तो तिला, तिच्या बहिणीला, आल्यागेल्या प्रत्येकाला शंभरदा ऐकवला होता. लावताना आधी ट्यूब. काचेच्या त्या चार नळ्या तापून लालसर झाल्या की मग ट्रान्झिस्टर. बंद करताना बरोबर उलटं. ट्यूब आवाजाला गोडवा देते, ट्रान्झिस्टर ताकद देतो. पण क्रम चुकला तर ट्यूबचा झटका ती ताकद उचलते आणि नेऊन थेट स्पीकरवर आपटते. "या दोघांचं लग्न जमवायला मला दोन वर्षं लागली," असं तो पाहुण्यांना सांगायचा. स्वतःच्या लग्नाबद्दल तो इतक्या कौतुकाने कधी बोलला नव्हता.

मुळात सेटला हात लावायचीच तिला बंदी होती. पण तो रेडिओ केंद्रावर ध्वनिमुद्रक, दिवसभर बाहेर. आणि कान काही एकट्या त्यालाच नव्हते. रोज दुपारी ती अर्धा तास गाणी ऐकायची. तीन वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता. आज अचानक त्याचा फोन आला, "लवकर निघालोय, कोपऱ्यावर पोचलो," आणि तिची तारांबळ उडाली.

तिने सगळं पुन्हा लावून बघितलं, या वेळी नीट क्रमाने. डावा स्पीकर गात होता. उजव्यातून हूं नाही की चूं नाही. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. तिने कसंबसं सगळं बंद केलं.

तो मारणाऱ्यांतला नव्हता. ओरडायचाही नाही. तो बोलणं टाकायचा. मागे एका रेकॉर्डच्या वेष्टणावर तिच्या हातून चहा सांडला, तेव्हा अकरा दिवस घरात फक्त भांडी वाजत होती. बाराव्या दिवशी तो "मीठ दे" म्हणाला आणि तिला रडू फुटलं. गेले सहा महिने तर तो साध्या साध्या गोष्टींवरून गप्प व्हायला लागला होता. आपण काही बोलायचंच नाही, तिने ठरवलं. यंत्र आहे, बिघडलं आपोआप.

तो आला. चपलाही न काढता आपल्या खुर्चीत जाऊन बसला, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये. आधी ट्यूब लावली. घड्याळाकडे बघत थांबला. मग ट्रान्झिस्टर. गाणं सुरू झालं. ती स्वयंपाकघराच्या दारात कोरडेच हात पुसत उभी राहिली.

तो उठला नाही. मागे जाऊन वायर हलवून बघितली नाही. नुसता बसून राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं," तो हळूच म्हणाला, "उजवा वाजतोय ना?"

हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तो घाबरला होता, तिच्याहून कितीतरी जास्त.

"डॉक्टर म्हणाले होते, उजव्या कानाची नस निकामी होत चाललीये. जाईल तेव्हा एकदम जाईल. सहा महिने झाले. तुला सांगायचा धीर झाला नाही. आज काम करताना शंका आली, म्हणून पळत आलो. हा सेट खोटं बोलायचा नाही म्हटलं."

"हो, वाजतोय," एवढे दोन शब्द म्हटले की ती सुटली. स्पीकरचं कुणी विचारणारच नव्हतं. आणि कान गेला असं धरून तो उद्या केंद्रावर जाऊन राजीनामा देऊन आला असता.

"नाही वाजत," ती म्हणाली. "अहो, मी उडवला तो. आत्ताच. घाईत आधी ट्यूब बंद केली. तुमचा कान चांगला आहे."

तो हसायला लागला. सहा महिन्यांत तो असा हसला नव्हता. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उडवलास? बरं झालं उडवलास!"

तिलाही हसू आलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्याने उठून सेट बंद केला, आधी ट्रान्झिस्टर, मग ट्यूब. खोली शांत झाली.

"थांब, एकदा खात्रीच करू," तो म्हणाला. खुर्चीत बसून त्याने डाव्या कानात बोट घट्ट दाबलं, डोळे मिटले आणि उजवा कान तिच्याकडे केला. "आता परत सांग काय केलंस ते. सगळं सांग."

ती जवळ गेली, त्याच्या कानाशी वाकली. "रोज दुपारी तुम्ही नसताना मी गाणी ऐकते," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. आज तुमचा फोन आला, मी घाबरले, आणि आधी ट्यूब बंद केली."

तो डोळे मिटून तसाच बसला होता. चेहऱ्यावर अजून हसू होतं.

"बोल ना गं," तो म्हणाला. "घाबरू नकोस. मी नाही रागावणार."