तोंडी साक्ष

"संगणकात नोंद नाही, म्हणजे चाचणी झालीच नाही," तपासणीला आलेल्या वैजयंती हुद्दारने रक्तपेढीच्या तंत्रज्ञाला शांतपणे सांगितलं.

"मॅडम, चाचणी केल्याशिवाय मी रक्ताची पिशवी बाहेर देईन का?" इम्तियाज मुजावर काकुळतीला आला. "त्या दुपारी सर्व्हर बंद होता. नोंद करायची तेवढी राहिली. पेशंट ठणठणीत होऊन घरी गेलाय."

"तोंडी सांगण्यावर तपासणी चालत नाही," ती म्हणाली आणि त्याला कामावरून काढण्याची शिफारस तिने अहवालात लिहून टाकली.

आठवड्याभराने हॉस्पिटलच्या प्रमुखांनी, डॉक्टर रेगेंनी दोघांनाही बोलावलं. "हुद्दार मॅडम, तुम्ही रक्तपेढीत आल्याची गेटवरच्या मशीनमध्ये नोंदच नाही," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे तपासणी झालीच नाही. अहवाल रद्द करावा लागेल."

वैजयंती गडबडली. "मशीन कार्ड घेत नव्हतं. गेटवर वॉचमनही नव्हता, मी तशीच आत गेले. मी खरंच आले होते हो."

"कोणी पाहिलं?"

रक्तपेढीत त्या दिवशी एकटा इम्तियाज होता, आणि तो आता नुसता गप्प राहिला असता तरी त्याची नोकरी वाचणार होती.

"आल्या होत्या," इम्तियाज म्हणाला. "माझ्यासमोर बसूनच लिहीत होत्या."

"मग प्रश्नच मिटला," म्हणत डॉक्टरांनी शिफारस मंजूर करायला पेन काढलं.

वैजयंतीने अहवालावर हात ठेवला. "थांबा सर. यांचा तोंडी शब्द तुम्ही ग्राह्य धरणार असाल, तर मला हा अहवाल पुन्हा लिहावा लागेल."