तिसऱ्या रांगेतली जागा

“घरात माणसं किती, सर?” विक्रेत्याने कोरा कागद पुढे ओढला. “त्यावरच गाडी ठरते.”

“पाच,” नवरा म्हणाला.

“सहा,” बायको म्हणाली.

दोन्ही उत्तरे एकाच क्षणी आली. विक्रेत्याचे पेन कागदावर टेकले आणि तेथेच थांबले.

काचेच्या भिंतींच्या त्या दालनात दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. एक राखी रंगाची, बुटकी, लांबट सेडान. दुसरी पांढरी, सात आसनांची, उंचाड एसयूव्ही. नवऱ्याची आई आल्याबरोबर सेडानच्या मागच्या आसनावर जाऊन बसली होती आणि दार उघडे ठेवून बाहेरचे सर्व ऐकत होती. बायकोचे वडील मात्र उभेच होते. चार महिन्यांपूर्वी ते लेकीच्या घरी राहायला आले होते. तेव्हापासून कोठेही बसण्यापूर्वी ते एकदा सर्वांच्या तोंडाकडे पाहून घेत.

“आम्ही दोघं, आई, दोन मुलं.” नवऱ्याने बोटे मिटून दाखवली. “सेडान पुरते. तेल कमी पिते, वळणावर कलंडत नाही, पाच वर्षांनी विकायला काढली तरी भाव येतो. त्या धुडात आहे काय? नुसती उंची.”

“जागा आहे.”

“जागा! पाहुण्यांसाठी कुणी दारात हत्ती बांधतं का?”

“पाहुणे कोण?” तिने विचारले. तिचा आवाज चढला नाही, उतरला.

“पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई…” सेडानमधून सासूबाई म्हणाल्या. तिसरा दिवस त्यांनी उच्चारला नाही. “आणि सूनबाई, त्या गाडीत चढायला मला शिडी लागेल. बापाचं म्हातारपण बरं दिसतं तुला. माझे गुडघे नाही दिसत.”

“दिसतात की. रोज रात्री तेल मीच चोळते.”

विक्रेता खाकरला. “मॅडम, मोठ्या गाडीत तिसरी रांग मिळते. मुलं आरामात मागे…”

“माझी मुलं डिकीत बसणार नाहीत,” नवरा म्हणाला. मग त्याच्या मुद्रेवर एकाएकी गोडवा आला. तो सासऱ्यांकडे वळला. “आपण उगाच भांडतोय. तज्ज्ञ तर घरातच आहेत. बाबा, चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्यात ना तुम्ही? मग सांगा, कुठली चांगली. फक्त लेकीकडे बघून नको. सीटकडे बघून.”

वडिलांनी आधी लेकीकडेच पाहिले. तिने डोळ्यांनी जे मागितले, ते त्यांना कळले.

ते एसयूव्हीत चढले. तिसऱ्या रांगेत कोणी बसायचे हे कोणी बोलले नव्हते, तरी ते मधले आसन दुमडून सरळ तिकडेच गेले. त्यांनी मूठ वळून गादीत रोवली. शिवणीवरून अंगठा फिरवला. मग बसले, तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीजवळ आले आणि डोके छताला लागले. उतरताना त्यांना पाठमोरे व्हावे लागले.

सेडानमध्ये ते विहीणबाईंच्या पलीकडच्या दाराने शिरले. पुन्हा मूठ, पुन्हा अंगठा. पाठ टेकली आणि क्षणभर त्यांचे डोळे मिटले.

“सांगा, बाबा,” लेक दाराशी येऊन म्हणाली.

“सीट या गाडीची,” ते म्हणाले. “मांडीला शेवटपर्यंत आधार आहे. फोम दाट आहे, दहा वर्षं दबायचा नाही. तिकडची मधली रांगही वाईट नाही. पण मागची…” त्यांनी शब्द शोधला नाही, तो गिळता येतो का ते पाहिले. “मागे बोटभर उशी टाकलीय नुसती. पाय सोडायला खळगा नाही. ती जागा बसायला केलेली नाही. जागा दिली, असं म्हणता यावं म्हणून केलेली आहे.”

“ऐकलंस?” नवरा हसला. “तुझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलंस. मी नाही बोललो.”

ती वडिलांकडेच पाहत होती. “एवढंसं खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?”

“सीटबद्दल नाही बोलता येत गं. माझ्यापाशी आता तेवढंच उरलंय.”

“लिहा,” नवरा विक्रेत्याला म्हणाला. “माणसं पाच. सेडान.”

“हो, लिहा,” ती म्हणाली.

वडील दाराच्या चौकटीला धरून उठू पाहत होते. तिने त्यांचा हात सोडवून त्यांच्याच गुडघ्यावर ठेवला आणि दार लावले.

“माझ्यासमोर मोजा,” तिने विक्रेत्याला सांगितले. “हे. यांची आई. दोन मुलं. माझे बाबा. झाले ना पाच?”

विक्रेत्याने नवऱ्याकडे पाहिले.

“आणि तू?” नवऱ्याने विचारले.

“माझं काय एवढं? बारा वर्षं मी उभीच आहे.”

ती वळली आणि रस्त्याकडच्या दाराने बाहेर पडली. नवऱ्याने हाक मारायला तोंड उघडले, पण त्याची नजर गाडीच्या काचेवर गेली. आत विहीण आणि व्याही दोन टोकांना सरकून, समोर पाहत, ताठ बसले होते. दोघांच्या मध्ये एका माणसाची ऐसपैस जागा होती.